कुलर, काळी माती आणि रेकॉर्डची सुई

रेकॉर्ड लावली, सुई टेकवली आणि आवाज जरा चढवला की बॉक्समधून एक 'ऊंऽऽ' सुरू होते. आधी बारीक, मग वाढत वाढत सारे गाणे गिळून टाकणारी. आवाज कमी केला की ती थांबते. बहुतेक लोक डेक बिघडला असे समजून तो मेकॅनिककडे नेतात. मेकॅनिक आपल्या टेबलावर लावून पाहतो, तर तिथे तो ठणठणीत वाजतो. घरी आणला की पुन्हा तेच. यात डेकचा दोष क्वचितच असतो. दोष असतो तो डेक जिथे ठेवला आहे त्या जागेचा आणि त्या जागेपर्यंत येणाऱ्या कंपाचा. तो घरच्या घरी, हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या वस्तूंनी दूर करता येतो.

हा लेख मंगरूळपीर आणि आसपासच्या घरांचा विचार करून लिहितो आहे. याचे कारण असे की या विषयावरचे बहुतेक सल्ले थंड देशांतल्या लाकडी जमिनीच्या घरांसाठी लिहिलेले असतात. तिथे माणूस चालला की जमीन लवते आणि सुई उडी मारते. आपल्याकडे मुरमाच्या भरावावर शहाबादी फरशी असते. तिच्यावर पोरांनी नाच केला तरी डेकला फारसा पत्ता लागत नाही. आपले शत्रू वेगळे आहेत. उन्हाळ्यातला कुलर, छतावरचे टिनपत्रे, मांडणीतली स्टीलची भांडी, रस्त्याने जाणारे ट्रक आणि घराखालची काळी माती हे ते शत्रू. ज्या गावात दादा हयात कलंदरांचा दर्गा आहे आणि जिथून कारंजामार्गे पुढे गेले की वसंतराव देशपांड्यांचे जन्मगाव मूर्तिजापूर लागते, तिथल्या घरात कव्वालीची किंवा वसंतरावांची एलपी घुमत, घरघरत वाजावी हे काही बरे नाही.

आधी सुई नेमके काय करते ते पाहू. मध्यम जोराचा, सेकंदाला १,००० कंपनांचा सूर एलपीवर कोरलेला असतो, तेव्हा सुई मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना साधारण ८ मायक्रॉन हलते. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ७० मायक्रॉन असते. तोच सूर ४० डेसिबलने हळू असेल, म्हणजे तानपुऱ्याची मागची गुंज किंवा गायकाने घेतलेला श्वास असेल, तर सुईची हालचाल ०.०८ मायक्रॉनवर येते. प्रकाशाच्या लहरीची लांबीसुद्धा याहून कितीतरी जास्त असते. एवढी सूक्ष्म हालचाल टिपणारे यंत्र घरातला हादराही टिपणारच. सुईला गाणे आणि कुलर यांतला फरक कळत नाही.

त्यात आणखी एक भर पडते. रेकॉर्ड कोरताना खालचे सूर मुद्दाम दाबून कोरतात, नाहीतर खाचा फार रुंद होतील आणि एका बाजूला गाणी मावणार नाहीत. वाजवताना अ‍ॅम्प्लिफायरचा फोनो भाग ते सूर पुन्हा उचलून घेतो. २० हर्ट्झचा आवाज १,००० हर्ट्झच्या तुलनेत जवळजवळ नऊ पट वाढवला जातो. हे प्रमाण १९५४च्या सुमारास ठरले आणि आजही तेच चालते. घरातले हादरे बहुतेक याच खालच्या पट्टीतले असतात. त्यामुळे सुईपर्यंत पोचलेला जरासा हादरा बॉक्समध्ये मोठा होऊन निघतो.

टोनआर्म आणि सुई मिळून एक झोका तयार होतो आणि त्याची स्वतःची एक लय असते. चांगल्या जुळलेल्या आर्ममध्ये ती सेकंदाला ८ ते १२ वेळा असते. वाकड्या रेकॉर्डचे हेलकावे याच्या खाली राहतात आणि संगीत साधारण २० हर्ट्झच्या वर सुरू होते, म्हणून ही मधली जागा मुद्दाम निवडलेली आहे. पण नेमक्या या लयीत बाहेरून धक्के आले तर आर्म जोरात डोलू लागतो. आपोआप चालणाऱ्या वॉशिंग मशीनचे पिळणे मिनिटाला ७०० फेऱ्यांनी चालत असेल तर त्या सेकंदाला साधारण १२ होतात. जड ट्रकचा जमिनीतून येणारा हादराही बऱ्याचदा या आसपासच असतो. कानाला यातले काही ऐकू येत नाही, पण वूफरचा पडदा मात्र लपलप करताना दिसतो. पडद्याकडे नीट पाहण्याची सवय ठेवा. तो गाण्याशी संबंध नसलेली संथ हालचाल करत असेल तर अ‍ॅम्प्लिफायरची ताकद वाया जाते आहे आणि गाण्यातला ठेका गढूळ होतो आहे.

काही विकत घेण्याआधी एक चाचणी करा. डेकची मोटर बंद ठेवा. थांबलेल्या रेकॉर्डवर सुई अलगद टेकवा. रेकॉर्ड जुनी, टाकाऊ घ्या. आवाज अगदी खालून हळूहळू वाढवत नेहमी ऐकता तिथपर्यंत आणा. हात आवाजाच्या बटणावरून काढू नका, कारण एकदा 'ऊंऽऽ' सुरू झाली की वूफर जळायला वेळ लागत नाही. आता बोटाने डेक ठेवलेल्या टेबलावर टकटक करा, मग स्टँडच्या पायावर, मग भिंतीवर, मग फरशीवर टाच आपटा. जिथला ठोका बॉक्समधून मोठा ऐकू येतो तो कंपाचा रस्ता. त्यानंतर घरात कुणाला तरी कुलर, पंखा, पाण्याची मोटर, मिक्सर एकेक करून सुरू करायला सांगा आणि ऐका. या चाचणीने दहा मिनिटांत जे कळते ते दुकानातला माणूस सांगू शकत नाही, कारण त्याने तुमचे घर पाहिलेले नसते.

वऱ्हाडात फाल्गुनापासून मृगापर्यंत या चाचणीत पहिला चोर बहुधा कुलरच सापडतो. आपला कुलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर उभा असतो, तोंड खिडकीला टेकलेले असते आणि फटीत प्लायवूडचा तुकडा किंवा लाकडी पाचर ठोकलेली असते. ती पाचर म्हणजे कुलरपासून भिंतीपर्यंत बांधलेला पूल. पहिले काम ती काढण्याचे. फटीत जुन्या गोधडीची घडी किंवा मऊ फोम हलकेच भरा. हवा अडेल आणि धक्काही अडेल. कुलरचे अंग भिंतीला कुठेच टेकू देऊ नका.

दुसरे काम पात्यांचे. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड असते. त्याचे शिंतोडे पात्यांवर पांढऱ्या क्षाराचा थर चढवतात. हा थर तिन्ही-चारही पात्यांवर सारखा बसत नाही आणि पंखा एका बाजूला जड होतो. मग सेकंदाला २३ वेळा, म्हणजे १,४०० फेऱ्यांच्या मोटरच्या गतीने, तो सगळा सांगाडा हलवत राहतो. हंगाम सुरू होताना पाती उतरवून लिंबाच्या पाण्याने किंवा पातळ व्हिनेगरने पुसा. वाकलेले पाते सरळ करा आणि मोटरचे बोल्ट आवळा. प्लग काढल्याशिवाय कुलरला हात लावायचा नाही. ओल्या लोखंडी कुलरमध्ये वीज उतरून माणसे दगावतात, आणि आवाजाच्या नादात ही गोष्ट कुणी विसरू नये.

तिसरे काम पायांखाली रबर देण्याचे. इथे बहुतेक लोक चुकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कंप अडवायचा तर रबर नुसते असून चालत नाही, ते वजनाखाली दबले पाहिजे. १ मिलिमीटर दबणाऱ्या बैठकीची लय सेकंदाला सुमारे १६ असते, ४ मिलिमीटर दबली तर ८, आणि १० मिलिमीटर दबली तर ५. बैठकीच्या लयीपेक्षा यंत्राचे धक्के दीडपट वेगाचे असतील तिथून पुढे अडवणूक सुरू होते, आणि तिप्पट वेगाला साधारण आठवा हिस्साच पलीकडे जातो. कुलरचे धक्के २३ हर्ट्झचे. म्हणजे बैठक ८च्या जवळ हवी, म्हणजेच रबर सुमारे ४ मिलिमीटर दबायला हवे. रबर आपल्या जाडीच्या पाचव्या भागापेक्षा जास्त दाबले की लवकर मरते, म्हणून जाडी किमान २० मिलिमीटर घ्या. प्रत्यक्षात रबर या हिशेबापेक्षा थोडे कडक वागते, तेव्हा जरा मऊ निवडलेले बरे. ट्रॅक्टरच्या टायरचा तुकडा फार कडक असतो. तो घालून काही होत नाही आणि मग लोक म्हणतात रबराचा उपयोग नाही. टाकीतले पाणी संपत जाते तसे कुलरचे वजन चाळीस-पन्नास किलोंनी घटते आणि रबर कमी दबते, हेही ध्यानात ठेवा. म्हणून तपासणी टाकी अर्धी रिकामी असताना करा. तेव्हा ठीक वाटले तर भरलेल्या टाकीला ठीकच राहील.

आता डेकची जागा. भिंतीत ठोकलेल्या लोखंडी ब्रॅकेटवर फळी आणि फळीवर डेक, ही पद्धत जगभर नावाजलेली आहे आणि पक्क्या विटांच्या भिंतीत ती उत्तमच आहे. आपल्याकडे मात्र दोन अटी आहेत. ज्या भिंतीला कुलरची खिडकी किंवा पाण्याच्या मोटरचा पाइप आहे ती भिंत सोडून द्या. आणि भिंतीला भेग नाही ना, ते पाहा. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचे घर दर वर्षी जरा जरा हलत असते. तिरपी भेग गेलेल्या भिंतीवर डेक टांगू नका. याच कारणाने डेकची पातळी एकदा बसवून भागत नाही. पेरणीनंतर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा पाणसळ ठेवून पाहा. तबकडी एका बाजूला झुकली की सुई खाचेच्या एका भिंतीला जास्त घासते आणि डाव्या-उजव्या आवाजाचा तोल जातो.

मातीच्या भिंतींचे, धाब्याचे जुने घर असेल तर ब्रॅकेटचा विचार सोडा. अशा घरात जमिनीवरची जड, बुटकी बैठक बरी. डेक खोलीच्या कोपऱ्यात ठेवू नका, कारण खालचे सूर कोपऱ्यात साठतात. दोन बॉक्सच्या मध्ये त्यांच्याच टेबलावर तर कधीच ठेवू नका. फोटो काढायला ती मांडणी छान दिसते, पण बॉक्सचा हादरा थेट सुईला पोचतो आणि सुरुवातीला सांगितलेली 'ऊंऽऽ' तिथूनच जन्म घेते. बॉक्सच्या तारा दोन मीटर वाढवायला फार खर्च येत नाही.

डेकखालच्या बैठकीसाठी माझा कौल एकाच रचनेला आहे. खाली हवा, वर दगड. कडप्प्याचा ४५ बाय ४० सेंटिमीटरचा, २ सेंटिमीटर जाडीचा तुकडा फरशीवाल्याकडून कापून घ्या. त्याचे वजन साधारण दहा किलो भरते. कडा घासून घ्यायला सांगा. खाली लहान मुलाच्या सायकलची ट्यूब गोल ठेवा आणि तोंड बाहेर काढा म्हणजे हवा भरता येईल. हवा इतकीच भरा की दगड आणि डेक ठेवल्यावर ट्यूब अर्धीअधिक दबेल पण दगड खाली टेकणार नाही. गच्च फुगवलेली ट्यूब दगडासारखीच कडक असते आणि तिचा काही फायदा नाही. बोटाने दगडाची कड हलकी दाबून सोडा. तो आरामात, सेकंदाला चार-पाच वेळा डोलला तर बैठक जमली. दगड आणि डेक यांच्यामध्ये नमद्याचा पातळ तुकडा घाला, नाहीतर ठोका लागला की दगड स्वतःच वाजतो. हवा आठवड्या-दोन आठवड्यांत थोडी उतरते. बैठक बसली वाटली की दोन पंप मारा आणि पाणसळ पाहा.

ही देखभाल नको असेल तर दगडाच्या चार कोपऱ्यांखाली टेनिस बॉलची अर्धी कापलेली वाटी पालथी ठेवा. बॉल कोणत्याही खेळाच्या दुकानात मिळतो. अडवणूक ट्यूबपेक्षा कमी होते, पण पातळी टिकते. आपल्या उन्हाळ्यात या वाट्या आणि स्वस्त फोम दोन्ही लवकर कडक होतात किंवा चुरतात, म्हणून दर वर्षी बदला. मऊ प्लास्टिकचे पाय सागवानाच्या पॉलिशवर थेट ठेवू नका. उष्णतेत त्यातला तेलकट अंश उतरतो आणि डाग पडतो तो कायमचा.

एक अपवाद आहे. पुष्कळ जुन्या ऑटोमॅटिक चेंजरमध्ये डेकची पाटी आधीच तीन-चार स्प्रिंगांवर तरंगत असते. त्याखाली आणखी ट्यूब घातली तर दोन डोलारे एकमेकांशी झगडतात आणि सुई जास्तच हेलकावते. तिथे खाली नुसती जड, कडक बैठक द्या. प्रवासासाठी आवळलेले स्क्रू सैल केलेले आहेत ना, स्प्रिंगा गंजून चिकटल्या नाहीत ना, हे पाहा. निम्म्या वेळा दुरुस्ती तिथेच संपते. हल्ली मिळणाऱ्या, स्पीकर आतच बसवलेल्या सुटकेसच्या डेकला मात्र कुठलीही बैठक वाचवू शकत नाही. स्पीकर आणि सुई एकाच पेटीत असल्यावर हादरा अडवायचा कुठे? मागच्या बाजूच्या जॅकमधून अ‍ॅम्प्लिफायरमार्फत बाहेरचे बॉक्स जोडा आणि आतले स्पीकर बंद करा.

बॉक्सकडे वळू. तळमजल्यावरच्या फरशीवर बॉक्स जड आणि स्थिर हवा, तो डुगडुगता कामा नये. लोखंडी पोकळ स्टँड असेल तर बोट मारून पाहा. घंटेसारखा वाजला तर त्याच्या नळ्यांत चाळलेली, तव्यावर भाजून पूर्ण कोरडी केलेली वाळू पाऊण भरा. ओली वाळू आतून गंज आणते. वरच्या मजल्यावर राहत असाल आणि खाली दुसरे कुटुंब असेल तर सबवूफरखाली जाड मऊ पॅड द्या. स्लॅबमधून जाणारी धडधड त्याने कमी होते. हवेतून जाणारा खालचा सूर मात्र पॅडने थांबत नाही, तिथे आवाजच खाली घ्यावा लागतो, आणि शेजाऱ्यांसाठी तो घ्यावा.

बॉक्सच्या पेटीच्या बाजूंवर मुठीने ठोका. मधोमध पोकळ 'ढब' आवाज आला तर आतून समोरासमोरच्या दोन बाजूंना जोडणारा लाकडी आडवा दांडा फेव्हिकॉल लावून बसवा. स्पीकरचे स्क्रू दर वर्षी एकदा आवळा, पण जोर लावू नका, कारण चिपबोर्डमधला आटा लगेच जातो.

यानंतर खोली. फोनवर सूर काढणारे एखादे अ‍ॅप घ्या, २० ते २०० हर्ट्झपर्यंत सूर हळूहळू चढवा आणि खोलीत फिरा. एका सुराला शोकेसची सरकती काच वाजेल, दुसऱ्याला मांडणीतली ताटे, तिसऱ्याला ट्यूबलाइटची पट्टी, आणखी एखाद्याला लोखंडी कपाटाचे दार. बोट ठेवल्यावर जी वस्तू गप्प होते ती गुन्हेगार. शोकेसच्या खाचेत नमद्याची पट्टी, ताटांच्या मध्ये कापडाच्या घड्या, कपाटाच्या दाराला रबराचे दोन ठिपके. लाकडी खिडक्यांची लांबी सुकून पडलेली असते आणि काच सैल होते. नवीन लांबी भरा.

टिनपत्र्यांच्या घराची गोष्ट वेगळी आहे. पत्र्याच्या हुकांखालचे वॉशर उन्हाने कडक होऊन तडकतात. मग पत्रा गळतोही आणि ढोलकीच्या ठेक्याला झणझणतोही. पाऊस लागण्याआधी वॉशर बदलले तर दोन्ही कामे होतात. सूर्य मावळल्यावर पत्रा आकसतो आणि टकटक करतो. त्याला इलाज नाही, तासाभराने तो आपसूक शांत होतो. बैठकीच्या खोलीत पत्र्याखाली छत करायचेच असेल तर थर्माकोलपेक्षा जिप्समचा बोर्ड घ्या, वजन असलेले छत कमी वाजते.

घरात जुना व्हॉल्व्हचा रेडिओ असेल तर त्यालाही हाच रोग होतो. स्टेशन नीट लागले, आवाज चढवला की तो किंचाळतो, विशेषतः शॉर्टवेव्हवर. स्टेशन फिरवणारा गँग कंडेन्सर त्यात बहुधा रबराच्या छोट्या बुचांवर बसवलेला असतो. चाळीस-पन्नास वर्षांनी ती बुचे दगड होतात, स्पीकरचा हादरा कंडेन्सरच्या पत्र्यांना पोचतो आणि स्टेशन सेकंदाला शेकडो वेळा सरकते. जाणत्या मेकॅनिककडून ती बुचे बदलून घ्या. स्वतः उघडू नका, आतला दाब प्लग काढल्यावरही काही वेळ जीवघेणा राहतो. चावीच्या ग्रामोफोनची खरखर बहुतेक वेळा साउंडबॉक्समधल्या अभ्रकाभोवतीचे रबर वाळल्याने असते. ते बदलले की भोंगा पुन्हा स्वच्छ बोलतो. पोलादी सुई मात्र प्रत्येक बाजूला नवी लावायची, तिथे काटकसर केली तर तबकडी जाते.

पैसे कुठे घालू नयेत हेही सांगायला हवे. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर, फोन, पेनड्राइव्हवरचा प्लेअर यांच्याखाली महागडे पितळी सुळे, काचेच्या चकत्या, खास पॅड ठेवून आवाज सुधारत नाही. त्यांत हलणारे, सूक्ष्म काही टिपणारे असे काही नसते. सीडी प्लेअर हादरा बराच सहन करतो आणि चुका स्वतः भरून काढतो. त्याला सपाट जागा पुरे. अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुणगुणत असेल तर प्लग काढून त्याचे बोल्ट आवळून घ्या. बोल्टखाली रबरी वॉशर टाकला तर पेटीला गुणगुण पोचत नाही. पण गुणगुण बॉक्समधून येत असेल तर ती विजेची गडबड आहे, अर्थिंग पाहा. कंपाच्या नावाखाली तिच्यावर रबर खर्च करू नका.

सगळे करून झाल्यावर थांबलेल्या रेकॉर्डची चाचणी पुन्हा करा, त्याच आवाजावर. टकटक पूर्वीपेक्षा खूप दूरून ऐकू आली पाहिजे. ती तशी आली आणि तरीही गाणे खरखरीत वाटत असेल तर सुई पाहा. हिऱ्याची सुईही ५०० ते १,००० तासांत झिजते आणि झिजलेली सुई दर वेळी खाचेचा थोडा भाग खरवडून नेते. ट्यूब, कडप्पा, नमदा यांच्यावर जे वाचवले ते आधी नव्या सुईवर घाला.